एक प्रिंटर, अनेक ऑपरेटिंग सिस्टीम : सामायिक मुद्रणातील अडचणींचा ऐतिहासिक अभ्यास (१९७१ ते २०२४)

गोषवारा

घरात किंवा महाविद्यालयाच्या विभागात प्रिंटर एकच असतो. संगणक मात्र विंडोज, मॅक, लिनक्स अशा वेगवेगळ्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारे असतात. अशा ठिकाणी छपाई अडली की दोष बहुधा यंत्राला, तारेला किंवा वापरणाऱ्याच्या अज्ञानाला दिला जातो. प्रस्तुत लेखात १९७१ ते २०२४ या काळातील घटनाक्रमाच्या आधारे असे प्रतिपादन केले आहे की, या अडचणींचे मुख्य कारण जोडणीत नसून भाषांतरात आहे. संगणकावरील पानाचे प्रिंटरला समजेल अशा भाषेत रूपांतर कोणी करावयाचे, हा प्रश्न प्रत्येक काळात वेगळ्या रीतीने सोडविला गेला आणि प्रत्येक उत्तराचे अवशेष पुढील काळात शिल्लक राहिले. आजच्या घरगुती प्रिंटरचे बहुतेक बिघाड हे त्या अवशेषांचेच परिणाम आहेत. म्हणून हा इतिहास बिघाडाचे निदान करण्यासही उपयोगी पडतो, असे लेखाच्या अखेरीस दाखविले आहे.

बीजशब्द : सामायिक प्रिंटर, ऑपरेटिंग सिस्टीम, पोस्टस्क्रिप्ट, सांबा, कप्स, आयपीपी, देवनागरी मुद्रण.

प्रस्तावना

तंत्रज्ञानाचा इतिहास लिहिताना शोध कोणी लावला आणि यंत्र बाजारात केव्हा आले, यांवर भर दिला जातो. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची यंत्रे एकमेकांशी बोलू लागली ती कशी, आणि जेथे ती बोलू शकली नाहीत तेथे का नाही, याचा इतिहास त्या मानाने उपेक्षित राहिला आहे. प्रिंटर हे या उपेक्षित इतिहासाचे चांगले उदाहरण आहे. संगणकाच्या साहित्यात एकापेक्षा अधिक माणसांनी वाटून वापरावयाची ही सर्वांत परिचित वस्तू होय. तिला विंडोजचीही आज्ञा कळावी लागते आणि लिनक्सचीही. तिच्या निर्मात्याने मात्र बहुधा यांपैकी एकाचाच विचार केलेला असतो.

ही अडचण क्षुल्लक वाटण्याजोगी आहे. परंतु प्रश्नपत्रिका, अहवाल, प्रबंधाची प्रत, नोंदणीचा अर्ज अशी कामे ठरलेल्या वेळेतच व्हावी लागतात. उत्तम चालणारा प्रिंटर केवळ नव्या संगणकाशी जुळत नाही म्हणून अडगळीत टाकला जातो, तेव्हा पैशाचे आणि साधनांचे नुकसान होते. त्यापलीकडे, विकत घेतलेल्या यंत्रावर अंतिम नियंत्रण मालकाचे की निर्मात्याचे, हा प्रश्नही त्यातून उभा राहतो. त्यामुळे या विषयाकडे ऐतिहासिक दृष्टीने पाहणे आवश्यक ठरते.

अभ्यासाची उद्दिष्टे

१. सामायिक प्रिंटरच्या कल्पनेचा उगम व विकास पाहणे.
२. पानाच्या भाषांतराची जबाबदारी वेगवेगळ्या काळांत कोणाकडे होती, याचा शोध घेणे.
३. भिन्न ऑपरेटिंग सिस्टीममध्ये प्रिंटर वाटून वापरताना येणाऱ्या अडचणींची ऐतिहासिक कारणे स्पष्ट करणे.
४. या इतिहासाच्या आधारे बिघाडाच्या निदानाचा क्रम सुचविणे.

अभ्यासपद्धती व व्याप्ती

लेखात वर्णनात्मक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला असून प्रसिद्ध तांत्रिक मानके, कंपन्यांच्या जाहीर घोषणा आणि न्यायनिर्णय यांतील माहिती आधारभूत मानली आहे. अभ्यास घरगुती व लहान कार्यालयीन प्रिंटरपुरता मर्यादित असून मोठ्या छापखान्यांतील मुद्रणाचा त्यात समावेश नाही.

१. सामायिक प्रिंटरचा उगम

प्रिंटर वाटून वापरणे ही काटकसरीसाठी नंतर सुचलेली सोय नव्हे. नेटवर्कच्या जन्माशीच तिचा संबंध आहे. गॅरी स्टार्कवेदर हे अभियंते १९७१ मध्ये झेरॉक्स कंपनीच्या कॅलिफोर्नियातील पालो आल्टो संशोधन केंद्रात दाखल झाले आणि तेथे त्यांनी लेसर प्रिंटरचा पहिला नमुना सिद्ध केला. हे यंत्र इतके महाग व वेगवान होते की ते एका संगणकाला बांधून ठेवणे परवडणारे नव्हते. याच केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी १९७३ मध्ये इथरनेटची कल्पना मांडली. केंद्रातील आल्टो संगणक एकमेकांशी आणि या प्रिंटरशी जोडणे हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता.

येथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. पालो आल्टो येथे संगणक, तार, प्रिंटर आणि आज्ञावली हे सर्व एकाच संस्थेचे होते. भाषांतराचा प्रश्न तेथेही होता, पण तो घरातल्या घरात सुटत होता. निरनिराळ्या मालकीची यंत्रे एकत्र आली तेव्हा या प्रश्नाला वादाचे रूप आले.

या वादाची पहिली ठळक नोंद सुमारे १९८० मधील आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या कृत्रिम बुद्धिमत्ता प्रयोगशाळेत एक प्रिंटर अनेकांमध्ये वाटलेला होता आणि तो वेगळ्या मजल्यावर होता. कागद अडकला की वापरणाऱ्यांना त्याची सूचना आपापल्या पडद्यावर मिळावी, अशी सुधारणा रिचर्ड स्टॉलमन यांनी जुन्या प्रिंटरच्या आज्ञावलीत केली होती. पुढे झेरॉक्सने दिलेल्या नव्या लेसर प्रिंटरची मूळ आज्ञावली उपलब्ध नसल्याने तीच सुधारणा करणे अशक्य झाले. दुसऱ्या विद्यापीठातील ज्या संशोधकाकडे ती होती, त्याने गोपनीयतेच्या कराराचे कारण देऊन ती देण्यास नकार दिला. स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली, त्यामागील प्रेरणांमध्ये या प्रसंगाचा उल्लेख ते स्वतः वारंवार करीत आले आहेत. मुक्त आज्ञावलीच्या चळवळीच्या मुळाशी एक सामायिक प्रिंटर आहे, ही बाब या अभ्यासाच्या दृष्टीने अर्थपूर्ण आहे.

२. पानाची भाषा : दोन मार्ग

झेरॉक्सच्या केंद्रात जॉन वॉर्नॉक व चार्ल्स गेश्की यांनी पानाचे वर्णन करणाऱ्या एका भाषेवर काम केले होते. कंपनी ती खुली करण्यास तयार नसल्याने दोघांनी बाहेर पडून डिसेंबर १९८२ मध्ये अडोबी ही कंपनी स्थापन केली आणि १९८४ मध्ये पोस्टस्क्रिप्ट ही भाषा बाजारात आणली. संगणकाने पानाचे वर्णन पाठवावे आणि त्या वर्णनावरून ठिपक्यांचे चित्र प्रिंटरने स्वतः तयार करावे, ही त्यामागील कल्पना होती. जानेवारी १९८५ मध्ये जाहीर झालेल्या अॅपलच्या लेसररायटर या प्रिंटरमध्ये ही भाषा होती. त्यासाठी त्यात १२ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर बसविलेला होता. म्हणजे हा प्रिंटर त्याला जोडलेल्या मॅकिंटॉश संगणकापेक्षा अधिक शक्तिमान होता. त्याची किंमत ६,९९५ डॉलर होती. एवढे महाग यंत्र अनेकांनी वाटून वापरावे यासाठी अॅपलटॉक नेटवर्कची सोय देण्यात आली होती.

दुसरा मार्ग ह्यूलेट-पॅकार्डने स्वीकारला. १९८४ मध्ये आलेल्या लेसरजेट या प्रिंटरमध्ये पीसीएल ही तुलनेने साधी आज्ञाभाषा होती आणि त्याची किंमत ३,४९५ डॉलर, म्हणजे लेसररायटरच्या निम्मी होती. विशेष म्हणजे दोन्ही प्रिंटरांमधील छपाईचे यंत्रांग कॅनन कंपनीचे, एकाच जातीचे होते. कागदावर शाई उमटविणारा भाग सारखा असूनही दोन्ही यंत्रांच्या भाषा एकमेकांना अनाकलनीय होत्या. एका भाषेत लिहिलेले काम दुसऱ्या भाषेच्या यंत्राला पाठविले की कागदामागून कागद निरर्थक अक्षरांनी भरून बाहेर येत. हा दोष आजही पाहावयास मिळतो आणि त्याचे मूळ १९८४-८५ या वर्षांत आहे.

या काळात भाषांतराची जबाबदारी वापरावयाच्या आज्ञावलीवरही होती. डॉसवर चालणाऱ्या वर्डपरफेक्ट किंवा लोटस १-२-३ यांसारख्या प्रत्येक आज्ञावलीला आपापले प्रिंटर ड्रायव्हर बाळगावे लागत. विंडोज व मॅकिंटॉश यांनी हे काम आज्ञावलीकडून काढून ऑपरेटिंग सिस्टीमकडे दिले. त्यामुळे एका संगणकापुरता प्रश्न सुटला, परंतु आता प्रत्येक ऑपरेटिंग सिस्टीमसाठी वेगळा ड्रायव्हर आवश्यक झाला.

३. दोन वेगळ्या रांगा

भाषेबरोबरच रांगेचाही प्रश्न होता. अनेकांची कामे एकाच यंत्राकडे येतात तेव्हा ती ओळीने ठेवावी लागतात. युनिक्सच्या परंपरेत १९८३ मधील ४.२ बीएसडी या आवृत्तीबरोबर एलपीडी ही व्यवस्था आली. तिचे लिखित वर्णन मात्र ऑगस्ट १९९० मध्ये आरएफसी ११७९ या क्रमांकाने प्रसिद्ध झाले. म्हणजे रूढी आधी आणि नियम नंतर, असा तिचा क्रम आहे. विद्यापीठांतील परस्परविश्वासाच्या वातावरणात ती घडलेली असल्याने काम कोठून आले यावरच तिचा विश्वास होता. प्रिंटर रंगीत आहे की नाही, त्याला कोणती भाषा समजते, यांसारखी माहिती विचारण्याची सोय तिच्यात नव्हती.

वैयक्तिक संगणकांच्या जगात दुसरी परंपरा वाढली. आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी १९८० च्या दशकाच्या पूर्वार्धात एसएमबी या प्रोटोकॉलची आखणी केली. मायक्रोसॉफ्टने तो पुढे वाढविला आणि ऑक्टोबर १९९२ मधील ‘विंडोज फॉर वर्कग्रुप्स’ या आवृत्तीने सामान्य वापरणाऱ्यालाही आपल्या संगणकाचा प्रिंटर शेजारच्या संगणकाला देता येऊ लागला. विंडोजने पुढे आणखी एक सोय केली : प्रिंटर देणारा संगणक घेणाऱ्या संगणकाला ड्रायव्हरही पाठवू लागला. दोन्हीकडे विंडोजची जुळणारी आवृत्ती असेल तर ही सोय उत्तम होती. पण घेणारा संगणक मॅक वा लिनक्सचा असेल तर तो ड्रायव्हर निरुपयोगी ठरे. इतकेच नव्हे, तर ३२ बिटांच्या विंडोजवरून ६४ बिटांच्या विंडोजला प्रिंटर देतानाही वेगळा ड्रायव्हर बसवावा लागे.

४. सांबा : निरीक्षणातून झालेला सेतू

या दोन परंपरांमध्ये पहिला टिकाऊ सेतू ऑस्ट्रेलियात बांधला गेला. कॅनबेरा येथील ऑस्ट्रेलियन नॅशनल युनिव्हर्सिटीमध्ये पीएच.डी. करणारे अँड्र्यू ट्रिजेल यांना डॉसचा संगणक युनिक्सच्या संगणकाशी जोडावयाचा होता. प्रोटोकॉलचे वर्णन हाती नसताना, डिसेंबर १९९१ पासून तारेतून जाणाऱ्या माहितीचे निरीक्षण करून त्यांनी ते कोडे सोडविले. पुढे या आज्ञावलीला सांबा हे नाव मिळाले. इंग्रजी शब्दसंग्रहात एस, एम, बी ही अक्षरे याच क्रमाने असलेला शब्द शोधून ते निवडले होते. सांबामुळे लिनक्सच्या संगणकाला जोडलेला प्रिंटर विंडोजला आपल्याच जातीचा वाटू लागला. २००१ मधील २.२ या आवृत्तीने विंडोजची ड्रायव्हर पाठविण्याची रीतही आत्मसात केली.

मात्र निरीक्षणातून मिळविलेले ज्ञान नेहमी एक पाऊल मागे राहते. विंडोजची आवृत्ती बदलली की सेतूची दुरुस्ती करावी लागे. हा प्रश्न अखेर कायद्याच्या दारात गेला. युरोपीय आयोगाने २४ मार्च २००४ रोजी मायक्रोसॉफ्टविरुद्ध निर्णय देऊन ४९.७ कोटी युरोंहून अधिक दंड ठोठावला आणि फाइल, मुद्रण व वापरकर्ता-व्यवस्थापन या सेवांसाठी लागणारी जुळणीची माहिती प्रतिस्पर्ध्यांना देण्याचा आदेश दिला. १७ सप्टेंबर २००७ रोजी न्यायालयाने हा निर्णय मूलतः कायम केला. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये १०,००० युरोंच्या एकरकमी मोबदल्यात ही कागदपत्रे सांबाच्या कार्यकर्त्यांना उपलब्ध करून देणारा करार झाला. अनेकांना घरगुती वाटणारी प्रिंटरची अडचण निरनिराळ्या खंडांतील विद्यापीठे, कंपन्या व न्यायालये यांच्यातील संघर्षाचा विषय झाली होती, हे यावरून स्पष्ट होते.

५. स्वस्त प्रिंटर आणि वाढलेले परावलंबन

१९९० च्या दशकात प्रिंटर घराघरांत पोहोचावा म्हणून त्याची किंमत उतरविणे आवश्यक झाले. त्यासाठी प्रिंटरमधील महाग भाग, म्हणजे भाषा समजणारा प्रोसेसर व स्मृती, कमी करण्यात आला. पानाचे चित्र संगणकानेच तयार करावे आणि प्रिंटरने ते केवळ उमटवावे, अशी ही रचना होती. अशा यंत्रांची भाषा बहुधा निर्मात्याने स्वतःची ठेवलेली असे आणि ती जाणणारा ड्रायव्हर प्रामुख्याने विंडोजसाठी लिहिलेला असे.

भारतीय घरांत व कार्यालयांत परिचित असलेली दोन उदाहरणे येथे देता येतील. एचपी लेसरजेट १०२० या प्रिंटरमध्ये त्याची अंतर्गत आज्ञावली कायमची साठविलेली नसते. प्रत्येक वेळी वीज सुरू झाल्यावर ती संगणकाकडून त्याला पाठवावी लागते. विंडोजचा ड्रायव्हर हे काम वापरणाऱ्याच्या नकळत करतो. लिनक्सवर मात्र तशी स्वतंत्र व्यवस्था केली नाही तर यंत्र सुरू दिसते, जोडलेले दिसते आणि कागद बाहेर येत नाही. कॅनन एलबीपी २९०० हा प्रिंटर कॅप्ट नावाची कंपनीची स्वतःची भाषा वापरतो. तिच्यासाठी कंपनीने लिनक्सचा ड्रायव्हर दिला होता, पण तो तयार स्वरूपातच असल्याने बदलत्या लिनक्सबरोबर जुळवून घेणे वापरणाऱ्यांना अवघड गेले. या दोन्ही यंत्रांना नेटवर्कची स्वतःची जोडणी नाही. त्यामुळे ती वाटून वापरावयाची असतील तर एक संगणक सतत सुरू ठेवावा लागतो आणि भाषांतराची सारी जबाबदारी त्याच्यावर पडते.

येथे इतिहासाची दिशा उलटलेली दिसते. १९८५ मध्ये भाषांतर प्रिंटरकडे होते म्हणून तो महाग, पण कोणाशीही जुळणारा होता. स्वस्त प्रिंटरने भाषांतर संगणकाकडे परत ढकलले. यंत्राच्या किमतीत झालेली बचत वापरणाऱ्याला जुळणीच्या कष्टांतून फेडावी लागली.

६. समान भाषेकडे वाटचाल

इंटरनेटच्या प्रसाराबरोबर सर्वांना मान्य होईल असा मुद्रणाचा प्रोटोकॉल असावा, या विचाराने बळ घेतले. त्यातून आयपीपी, म्हणजे इंटरनेट मुद्रण प्रोटोकॉल, तयार झाला. त्याची पहिली आवृत्ती एप्रिल १९९९ मध्ये व सुधारित १.१ आवृत्ती सप्टेंबर २००० मध्ये प्रसिद्ध झाली. एलपीडीपेक्षा त्याचा विशेष असा की, काम पाठविण्यापूर्वी संगणक प्रिंटरला त्याची क्षमता विचारू शकतो : कागदाचे आकार कोणते, दोन्ही बाजूंना छपाई होते का, कोणत्या प्रकारची फाइल समजते.

याच वर्षी, १९९९ मध्ये, मायकेल स्वीट यांनी कप्स ही युनिक्ससाठीची मुद्रणव्यवस्था आयपीपीच्या पायावर प्रसिद्ध केली. लिनक्सच्या प्रमुख वितरणांनी ती स्वीकारली आणि २००२ मध्ये अॅपलने मॅक ओएस टेन १०.२ मध्ये तिचा समावेश केला. परिणामी मॅक व लिनक्स यांची मुद्रणव्यवस्था एकच झाली. २००७ मध्ये अॅपलने कप्सची मालकी घेतली. डिसेंबर २०१९ मध्ये स्वीट अॅपलमधून बाहेर पडल्यानंतर ओपनप्रिंटिंग या प्रकल्पाने तिचा विकास पुढे चालविला.

प्रिंटर आपोआप सापडावा हा दुसरा प्रश्न होता. अॅपलने २००२ मध्येच प्रथम रान्देव्हू व पुढे बाँझूर या नावाने ओळखली जाणारी पद्धत आणली. तिच्यात प्रत्येक साधन स्थानिक नेटवर्कवर स्वतःचे नाव व सेवा पुकारते. स्टुअर्ट चेशायर यांचा तीत प्रमुख वाटा होता आणि फेब्रुवारी २०१३ मध्ये तिला खुल्या मानकाचे रूप मिळाले. आयपीपी आणि ही पद्धत यांच्या संयोगातून नोव्हेंबर २०१० मध्ये अॅपलचे एअरप्रिंट आले. मोबाइल फोनवर प्रत्येक प्रिंटरचा ड्रायव्हर ठेवणे शक्य नव्हते, म्हणून प्रिंटरलाच ठरावीक समान स्वरूपाची फाइल समजली पाहिजे अशी अट घालणे भाग पडले. २०१३ मध्ये आयपीपी एव्हरीव्हेअर हे मानक आणि कॅनन, एचपी, सॅमसंग व झेरॉक्स यांनी स्थापन केलेली मोप्रिया ही संघटना पुढे आली. ड्रायव्हरशिवाय छपाई ही आज जी सोय दिसते, ती संगणकांच्या मागणीतून नव्हे तर फोनच्या मर्यादेतून निर्माण झाली, असे म्हणता येईल.

७. सुरक्षितता आणि बंद होणारी दारे

सामायिक वापरासाठी दार उघडे ठेवावे लागते आणि उघड्या दारातून नको असलेला पाहुणाही येतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेट या घातक आज्ञावलीने पसरण्यासाठी विंडोजच्या मुद्रणरांगेतील एका दोषाचा उपयोग केला होता. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या हल्ल्याने एसएमबीच्या पहिल्या आवृत्तीतील दोषाचा फायदा घेतला आणि त्याच वर्षाच्या अखेरीपासून विंडोज १० च्या नव्या आवृत्तींत ती आवृत्ती मूळ मांडणीतून वगळण्यात आली. त्यामुळे केवळ ती जुनी आवृत्ती जाणणारी यंत्रे अचानक दिसेनाशी झाली. घरगुती वापरासाठी विंडोज ७ मध्ये दिलेली होमग्रुपची सोय २०१८ मध्ये काढून घेण्यात आली.

२०२१ च्या जुलैमध्ये प्रिंटनाइटमेअर या नावाने गाजलेला दोष उघड झाला. आपोआप ड्रायव्हर पाठविण्याची जी सोय विंडोजचे बलस्थान मानली जात होती, तीच त्यात हल्ल्याचा मार्ग ठरली. ती सोय ऑगस्टपासून प्रशासकाच्या परवानगीखाली आणली गेली. याच मालिकेतील दुसऱ्या एका दोषासाठी सप्टेंबर २०२१ मध्ये लागू झालेल्या बदलामुळे ‘११बी’ या अक्षरांनी संपणारा त्रुटिक्रमांक असंख्य सामायिक प्रिंटरांवर दिसू लागला. सप्टेंबर २०२३ मध्ये मायक्रोसॉफ्टने निर्मात्यांच्या स्वतंत्र ड्रायव्हरांना मिळणारा आधार टप्प्याटप्प्याने कमी करण्याची घोषणा केली. लिनक्सची बाजूही निर्दोष नव्हती. सप्टेंबर २०२४ मध्ये कप्सशी संलग्न असलेल्या, प्रिंटर शोधणाऱ्या घटकात गंभीर दोष आढळले. प्रत्येक दुरुस्तीने धोका कमी केला आणि त्याच वेळी काही जुनी, चालू यंत्रे सामायिक वापरातून बाहेर पडली.

८. देवनागरीचा विशेष प्रश्न

मराठी वापरणाऱ्यांसाठी या इतिहासाला आणखी एक पदर आहे. जुन्या प्रिंटरांच्या स्मृतीत रोमन अक्षरे बसविलेली असत. त्यांना अक्षराचा क्रमांक पाठविला की अक्षर उमटे. देवनागरीतील जोडाक्षरे, वेलांट्या व मात्रा यांना या रचनेत स्थान नव्हते, म्हणून आपली लिपी चित्रस्वरूपातच पाठवावी लागे. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढलेले जिस्ट तंत्रज्ञान या उणिवेवरील महत्त्वाचे उत्तर होते. १९९१ मध्ये इस्की या संकेतप्रणालीला भारतीय मानकाचा दर्जा मिळाला.

तथापि १९९० च्या दशकात डीटीपीच्या प्रसाराबरोबर प्रत्येक आज्ञावलीचे स्वतःचे फॉन्ट व स्वतःचे संकेतन रूढ झाले. असा मजकूर दुसऱ्या संगणकावर नेला आणि तेथे तो फॉन्ट नसला की रोमन चिन्हांची रांग दिसे. येथे दोष प्रिंटरचा वाटे, प्रत्यक्षात तो संकेतनाचा असे. विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरीचा आधार मिळू लागला आणि हा गोंधळ पुष्कळ कमी झाला. पूर्णपणे मात्र संपला नाही. विंडोजवरील मंगल फॉन्टमध्ये तयार केलेली फाइल लिनक्सवर उघडल्यास तेथे तो नसल्याने लोहित देवनागरीसारखा दुसरा फॉन्ट घेतला जातो, ओळी वेगळ्या ठिकाणी तुटतात आणि पानांची संख्या बदलते. प्रश्नपत्रिका वा प्रबंध यांच्या बाबतीत हा फरक नगण्य नसतो. फॉन्ट अंतर्भूत केलेली पीडीएफ तयार करून छापणे हा त्यावरचा खात्रीचा उपाय होय. १९९३ मध्ये अडोबीने आणलेली ही फाइलपद्धती २००८ मध्ये आंतरराष्ट्रीय मानक झाली आणि मॅक व लिनक्स यांच्या मुद्रणव्यवस्थेचा ती आज पाया आहे.

९. इतिहासक्रमातून निदानक्रम

वरील विवेचनावरून असे दिसते की, प्रत्येक काळाने आपला एक थर मागे ठेवला आहे आणि प्रत्येक थराचा बिघाड वेगळ्या लक्षणाने ओळखता येतो. ड्रायव्हर पुन्हा पुन्हा काढून बसविणे हा सर्वत्र रूढ असलेला उपाय त्यामुळे अनेकदा व्यर्थ जातो, कारण बिघाड दुसऱ्याच थरात असतो. तपासणी पुढील क्रमाने करावी.

पहिला थर यंत्राचा. प्रिंटरच्या स्वतःच्या बटणावरून चाचणीचे पान काढावे. ते नीट आले तर कागद, शाई व यंत्र यांविषयी शंका उरत नाही.

दुसरा थर ओळखीचा. प्रिंटर यादीत दिसत नसेल तर संगणक व प्रिंटर एकाच नेटवर्कवर आहेत का, हे पाहावे. नाव पुकारण्याची पद्धत स्थानिक नेटवर्कच्या बाहेर पोहोचत नाही. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायला जोडलेल्या फोनला प्रिंटर बहुधा दिसत नाही, त्याचे कारण हेच. प्रिंटर काही दिवस चालून नाहीसा होत असेल तर राउटरने त्याचा पत्ता बदलला असण्याचा संभव असतो. राउटरमध्ये त्या प्रिंटरसाठी पत्ता राखून ठेवल्यास ही अडचण दूर होते.

तिसरा थर मार्गाचा. आयपीपी ६३१, एलपीडी ५१५ आणि थेट छपाई ९१०० या क्रमांकांच्या पोर्टांतून चालते. पत्ता बरोबर असून काम पुढे जात नसेल तर संगणकाच्या संरक्षक भिंतीने हा मार्ग अडविला आहे का, ते तपासावे.

चौथा थर परवानगीचा. प्रवेश नाकारल्याचा संदेश किंवा वर उल्लेखिलेला त्रुटिक्रमांक आला तर दोष एसएमबीच्या परंपरेतील ओळखपत्राचा आहे. सुरक्षा शिथिल करून तो दडपण्यापेक्षा, प्रिंटरला नेटवर्कची स्वतःची जोडणी असल्यास त्याच्याशी आयपीपीने थेट संबंध जोडणे अधिक हितावह आहे.

पाचवा थर भाषेचा. टक्केचिन्ह व उद्गारचिन्हाने सुरू होणाऱ्या इंग्रजी ओळी कागदावर उमटल्या, तर पोस्टस्क्रिप्टमधील काम ती भाषा न जाणणाऱ्या यंत्राकडे गेले, असे समजावे. लिनक्सवरून विंडोजला प्रिंटर देताना भाषांतर दोनदा होण्याचाही धोका असतो. विंडोजने प्रिंटरच्या भाषेत रूपांतर केले असेल तर लिनक्सने ते काम जसेच्या तसे पुढे पाठवावे. लिनक्सने रूपांतर करावयाचे असेल तर विंडोजवर सर्वसाधारण पोस्टस्क्रिप्ट ड्रायव्हर बसवावा. भाषांतरकार एकच असावा, हा नियम पाळला की या थरातील गोंधळ टळतो.

सहावा थर लिपीचा. इंग्रजी मजकूर नीट येतो आणि मराठी बिघडतो, असे असेल तर प्रिंटरला हात न लावता फॉन्ट व संकेतन तपासावे.

निष्कर्ष

१. प्रिंटर वाटून वापरण्यातील मुख्य अडचण जोडणीची नसून भाषांतराची आहे. हे काम आज्ञावलीकडून ऑपरेटिंग सिस्टीमकडे आणि महाग प्रिंटरकडून पुन्हा संगणकाकडे फिरत राहिले. २०१० नंतर ते समान मानकांच्या स्वरूपात प्रिंटरकडे परतले.

२. भिन्न ऑपरेटिंग सिस्टीममधील सेतू प्रामुख्याने विद्यापीठातील संशोधक, स्वयंसेवी कार्यकर्ते आणि लहान आज्ञावलीकार यांनी उभारले. बड्या कंपन्यांनी खुलेपणा स्वीकारला तो न्यायालयाच्या आदेशाने किंवा बाजारातील बदललेल्या गरजेमुळे.

३. स्वस्त प्रिंटरची खरी किंमत तो सुटा विकत घेताना दिसत नाही, तो वाटून वापरताना दिसते. घर किंवा महाविद्यालय यांनी खरेदीपूर्वी प्रिंटर आयपीपी एव्हरीव्हेअर, एअरप्रिंट किंवा मोप्रिया यांपैकी कशास अनुकूल आहे आणि त्यास नेटवर्कची स्वतःची जोडणी आहे का, हे विचारणे हिताचे आहे.

४. ज्या जुन्या प्रिंटरसाठी खुला ड्रायव्हर उपलब्ध आहे, तो एका लहान लिनक्स संगणकाला जोडून कप्सच्या साहाय्याने सर्वांना देता येतो. अशा मांडणीत लेसरजेट १०२० सारखे यंत्रही फोनला एअरप्रिंटचा प्रिंटर म्हणून दिसू शकते. चालू यंत्र फेकून देण्यापूर्वी हा पर्याय तपासला पाहिजे.

५. समान मानकांमुळे ड्रायव्हरवरील अवलंबित्व कमी झाले असले तरी यंत्राच्या अंतर्गत आज्ञावलीवर निर्मात्याचे नियंत्रण कायम आहे. सुमारे १९८० मध्ये एका प्रयोगशाळेत उपस्थित झालेला, विकत वा भेट मिळालेल्या यंत्रात सुधारणा करण्याचा अधिकार कोणाचा, हा प्रश्न त्यामुळे आजही खुला आहे.